उन्हाळी सुट्टी, मुलं आणि मोबाइल: पालकांचे नेहमीचे प्रश्न

परीक्षा संपतात, निकाल लागतो आणि घराघरांत 'ठेव आता तो मोबाइल' सुरू होतं. शाळेत शिकवत असल्यामुळे सुट्टीच्या तोंडावर पालकसभेत आणि फाटकाबाहेर जे प्रश्न मला हमखास विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या घरात जे लागू पडेल ते घ्यावं.

दिवसाला किती वेळ मोबाइल चालेल? एक आकडा सांगा.

लहान मुलांसाठी आकडा आहे आणि तो पाळावा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांखाली स्क्रीन नाहीच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. २ ते ५ वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं कुणी शेजारी बसून. ५ ते १० वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगितलं आहे.

दहाच्या पुढे मात्र एकच आकडा सगळ्या घरांना लावून चालत नाही. तिथे हिशोब उलटा करा. झोप पुरी झाली का? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. घाम येईल असा निदान ६० मिनिटांचा खेळ झाला का? जेवण चवीने, ताटाकडे बघून झालं का? माणसांशी समोरासमोर गप्पा झाल्या का? हे सगळं रोज होत असेल तर उरलेल्या वेळात दीड तासाच्या जागी दोन तास मोबाइल पाहिला म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. यातलं एकही होत नसेल तर अर्धा तासही जास्तच आहे.

शाळा होती तेव्हा ठीक होतं. सुट्टी लागली आणि मोबाइल हातातून सुटेना. असं का होतं?

कारण शाळेने दिवस बांधून दिलेला असतो. उठायची वेळ, डबा, मधली सुट्टी, बेंचवरचा मित्र, घरी आल्यावरची भूक. सुट्टीत हे सगळं एका दिवसात निघून जातं आणि मुलाच्या पुढ्यात चौदा तास रिकामे पडतात. त्या रिकामपणात घरातली सगळ्यात सोपी गोष्ट हाती येते. मूल बिघडलेलं नसतं, त्याचा दिवस मोकळा पडलेला असतो.

म्हणून माझं पालकांना पहिलं सांगणं असतं की मोबाइलच्या आधी दिवसाकडे बघा. तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावू नका, ते तिसऱ्या दिवशी फाटतं. चार खुंट्या ठोका, बास. सकाळी आठच्या आत उठून, आंघोळ-नाश्ता करून बाहेर. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र, निदान जे घरी असतील त्यांचं. संध्याकाळी साडेपाचनंतर खाली खेळायला. रात्रीची अंथरुणावर जायची वेळ ठरलेली. या चार खुंट्यांच्या मध्ये काय करायचं ते मुलाला ठरवू द्या.

मोबाइललाही ठरलेली जागा द्या. 'किती वेळ' यावर रोज घासाघीस होते, 'किती वाजता' यावर होत नाही. 'दुपारी तीन ते चार' हे एकदा ठरलं की सकाळी उठल्या उठल्या मागणं आपोआप कमी होतं, कारण उत्तर आधीच ठाऊक असतं. सकाळची पहिली गोष्ट आणि रात्रीची शेवटची गोष्ट मोबाइल नसावा, एवढा एकच नियम पाळला तरी मोठं काम होतं.

वेळ संपली की आदळआपट, रडारड. काय करावं?

मूल नेमकं कशातून उठतंय ते आधी बघा. मित्रांबरोबरचा ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. एक जण उठला की संघ हरतो आणि बाकीचे मित्र त्यालाच बोल लावतात. आईने 'दोन मिनिटांत बंद कर' म्हटलं की त्याची खरोखर कोंडी होते. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू होतो आणि रील्सना तर शेवटच नाही. थांबायची जागाच ठेवलेली नसते, तर मूल थांबणार कुठे?

तेव्हा मिनिटांऐवजी नगावर ठरवा: दोन सामने, एक भाग, एक सिनेमा. यूट्यूबमधलं आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारं बटण बंद करा. संपायच्या दहा मिनिटं आधी जवळ जाऊन बसा, 'कोण जिंकतंय?' असं विचारा. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नाही, त्यात हट्टीपणा असतोच असं नाही. आणि बंद केल्यावर लगेच करायला काहीतरी हवं: खायला काही, खाली वाट बघणारा मित्र, दुकानातून दही आणायचं काम. 'बंद कर आणि बस' या आज्ञेवर कुठलंही मूल चिडेल.

तरीही रडलं तर रडू द्या. नियम आठ-दहा दिवस तसाच राहिला की रडणं ओसरतं. रडल्यावर पाच मिनिटं वाढवून मिळतात हे एकदा कळलं की मात्र पुढची सगळी सुट्टी त्यातच जाते.

'कंटाळा आला' म्हणत मागे फिरतं. रोज नवीन काय शोधून द्यायचं?

काही शोधून द्यायचं नाही. दुपारी अडीच वाजता मूल जमिनीवर लोळत 'आई, काय करू' म्हणतं, तो अर्धा तास पालकांना सोसत नाही आणि आपणच मोबाइल काढून देतो. तो अर्धा तास जाऊ द्या. 'बघ काय करतोस ते' म्हणून आपल्या कामाला लागा. बहुतेक मुलं थोड्या वेळाने कशात तरी गुंततात, फक्त गुंतण्यासारखं काही नजरेसमोर हवं. कॅरम माळ्यावर आणि पत्ते कपाटात कुलूपबंद असतील तर हाताशी उरतो तो मोबाइलच. पत्त्यांचा जोड, सुतळी, खडू, जुनी वर्तमानपत्रं, डिंक, कात्री, रिकामी खोकी एका टोपलीत घालून बाहेरच ठेवा.

बदाम सात आणि झब्बू पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. आठ-नऊ वर्षांचं झालं की मेंढीकोट शिकवा, त्यात पानं लक्षात ठेवावी लागतात आणि जोडीदाराचा अंदाज घ्यावा लागतो. सागरगोटे, काचापाणी घरात बसून होतात. खाली जागा असेल तर लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत. हे खेळ आजच्या मुलांना आवडत नाहीत असं नाही, ते त्यांना कुणी शिकवलेलेच नसतात. एकदा मोठ्यांनी खाली उतरून नियम सांगावे लागतात, मग मुलं आपले वेगळे नियम करतात.

हातांनी करायची आवड असेल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी जरूर बघा. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या, जुन्या सीडी यांतून विज्ञान शिकवणारी ही खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पाच मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि तासभर हात चालवायचे, अशी स्क्रीन मला मनापासून मान्य आहे.

आणि घरातली कामं. ज्या घरात अजून वाळवण होतं, तिथल्या मुलांना त्यापासून लांब ठेवू नका. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजताना त्याचा वास घरभर सुटतो. वाटीत गरम चीक, वर तेल नाहीतर दूध-साखर, आणि मग गच्चीवर पसरलेल्या कागदावर सोऱ्यातून कुरडया घालायच्या. मुलाची पहिली कुरडई वाकडीतिकडी येणार, तिला हसू नका, ती तळून त्यालाच द्या. कावळे राखायला काठी देऊन बसवलं की दोन तास मोबाइलची आठवण निघत नाही. वाळवण होत नसेल तर कैरीचं पन्हं, लिंबू सरबत, भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी, आजोबांच्या औषधांच्या वेळा लिहिणं, काहीही चालेल. घरात आपलं काहीतरी काम आहे, हे मुलाला कळलं पाहिजे.

आम्ही दोघंही नोकरीला. दिवसभर मुलं आजी-आजोबांकडे. नियम कोण पाळणार?

आधी आजीची बाजू समजून घ्या. सत्तरीच्या बाईला दुपारी पाठ टेकायची असते आणि दोन नातवंडं उड्या मारत असतात. तिने टीव्ही लावून दिला तर तिला दोष देऊ नका, आणि मुलांसमोर तर मुळीच नाही. उलट तिला विचारा, 'आई, तुम्हाला कोणत्या वेळी आराम हवा?' तीच वेळ स्क्रीनची ठरवा. मुलांना त्यांची वेळ मिळते, आजीला विश्रांती मिळते आणि बाकीचा दिवस तंटा राहत नाही. सकाळी कामावर निघण्याआधी पाऊण तास मुलांबरोबर खाली जाता आलं तर दिवसाची निम्मी अडचण तिथेच सुटते. इमारतीत तीन-चार घरं मिळून पाळीपाळीने दुपार वाटून घेतली तर फारच चांगलं. वर्गणी नाही, शिबिराची फी नाही.

शिबिरांबद्दलही विचारणा होते. एखाद्या आठवड्याचं शिबिर आवडीचं असेल तर घाला. पण सकाळी पोहणं, दुपारी चित्रकला, संध्याकाळी रोबोटिक्स असा महिना भरून टाकला तर त्याला सुट्टी म्हणायचं कशाला?

जेवताना मोबाइल लावल्याशिवाय घासच घेत नाही.

ही सवय मोडायला सुट्टीसारखी वेळ नाही, कारण शाळेच्या गाडीची घाई नसते. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर एका दिवसात बंद करा. चार-पाच दिवस ते कमी खाईल. निरोगी मूल भूक लागली की खातं. घास मोजू नका, मागे धावू नका. ताट सगळ्यांबरोबर, जमिनीवर बसून, हाताने खाऊ द्या आणि सांडू द्या. चिऊचा घास, काऊचा घास अजूनही चालतो. अट एकच, मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत. वजन घटत असेल किंवा मूल मुळातच कमी खाणारं असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

टीव्ही यात धरायचा का? आयपीएलचं काय?

धरायचा. पण मोबाइल आणि टीव्ही यांत निवड करायची झाली तर मी टीव्हीला कौल देईन. तो लांब असतो, सगळ्यांसमोर असतो, काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावरून भांडणं-गप्पा होतात. आयपीएलची अडचण वेळेची आहे. संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकराच्या पुढे जातो. लहानांनी पहिला डाव बघावा आणि झोपावं. सकाळी निकाल वाचायला आणखी मजा. शनिवार-रविवारी साडेतीनचा सामना असला तर तो पूर्ण बघू द्या. आणि सामना चालू असताना हातात दुसरा मोबाइल नको.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. मुलांना बाहेर कसं सोडायचं?

अकरा ते पाच सोडायचंच नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडच्या घरांत दिवस दोन टोकांना बांधावा लागतो: पहाटे साडेपाच-सहाला उठून साडेआठपर्यंत मैदान, सायकल, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा. दुपारी झोप काढा, म्हणजे पहाटे उठणं जमेल. कूलरच्या खोलीत सगळे एकत्र असतात, ती पत्त्यांची, कॅरमची आणि वाचनाची वेळ. तिथे एक सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला तर काही बिघडत नाही.

मोबाइलमुळे चष्मा लागतो का?

जवळचं पाहणं जास्त आणि उजेडात बाहेर असणं कमी, या दोन्हींचा लांबचं अंधुक दिसण्याशी संबंध आहे. म्हणून फक्त मोबाइल काढून मुलाला घरातच बसवलं तर अर्धंच काम झालं. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर घालवावीत असा कार्यक्रम राबवला आणि मुलांच्या अधू नजरेचं वाढतं प्रमाण पुढच्या काही वर्षांत खाली येऊ लागलं. सकाळचा खेळ डोळ्यांसाठीही आहे. बघताना दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद नजर टाकायची सवय लावा, अंधारात पांघरुणात फोन नको. सुट्टीत एकदा डोळे तपासून घ्या, शाळा सुरू झाल्यावर ते राहून जातं.

घरात एकच फोन आहे. त्यात काय काय करून ठेवावं?

मुलाला वेगळा फोन नाही हे चांगलंच आहे. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची सोय असते. एक ॲप उघडून पिन केलं की तुमचा पिन टाकल्याशिवाय मूल त्यातून बाहेर पडू शकत नाही. लहानांसाठी यूट्यूब किड्स ठेवा, त्यात शोधण्याची सोय बंद करता येते आणि वेळ लावता येते. मुलाचा वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गुगलचं फॅमिली लिंक बसवा: रोजची मर्यादा, रात्रीची बंद वेळ, नवं ॲप घेताना तुमची परवानगी. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम नावाने हेच मिळतं. हे गुपचूप करू नका, मुलाला शेजारी बसवून त्याच्यासमोर करा.

प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, आणि एक लक्षात असू द्या: यूपीआय लाइटला पिन लागतच नाही, त्यात पैसे ठेवत असाल तर फोन देण्याआधी त्या ॲपला कुलूप लावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरी लिंक फिरत असतातच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. त्याआधी मुलाला मारू नका. मार बसणार या भीतीने मुलं दोन दिवस लपवतात आणि तोवर पैसे पार निघून जातात.

मुलगी दहावी झाली. मार्चपासून मोकळी आहे, दार लावून फोनवर असते.

या वयात मैत्रिणी फोनमध्येच असतात. फोन काढून घेणं म्हणजे तिला तिच्या घोळक्यातून बाहेर काढणं, आणि ते ती विसरत नाही. दहावी झालेल्या मुलांची सुट्टी अकरावीच्या प्रवेशापर्यंत लांबते, एवढा काळ नुसत्या बंदीवर निघत नाही. तिच्याशी बसून करार करा: रात्री साडेदहानंतर सगळ्यांचे फोन बैठकीत चार्जिंगला, तुमचेही. दिवसा एखादं खरंखुरं काम: एमएससीआयटी, पोहणं, शेजारच्या लहान मुलांना शिकवणं, आठवड्यातून एक दिवस पूर्ण स्वयंपाक तिचा. बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडणं, एकटीने एसटीने मावशीकडे जाऊन येणं. मोठं समजून टाकलेली जबाबदारी या वयाला फार आवडते.

ती काय बघते हे धाडीसारखं तपासू नका. 'मलाही दाखव की' म्हणत दहा मिनिटं तिच्याबरोबर बघा. एखाद्या अनोळखी माणसाने फोटो मागितला, धमकावलं, तर ती सगळ्यात आधी तुमच्याकडे यावी, एवढा विश्वास तिच्या मनात असायला हवा.

वाचायला बसवलं तर पळतात.

बसवू नका, वाचून दाखवा. चौथी-पाचवीच्या मुलालाही ऐकायला आवडतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक फुकट वाचायला मिळतात. चार पानी गोष्ट आवडली की मूल पुढचा अंक स्वतः मागतं. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर जवळच्या भिलारला अर्धा दिवस काढा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचावं.

लांबच्या प्रवासात तरी मोबाइल द्यावा ना?

रात्रीच्या प्रवासात शेवटचा तासभर द्या, हरकत नाही. दिवसा आधी गाण्यांच्या भेंड्या, गावांच्या नावांच्या भेंड्या, आणि गाड्यांच्या पाट्या ओळखणं: एमएच १२ पुणे, ०९ कोल्हापूर, ०७ सिंधुदुर्ग, ३१ नागपूर. घाटात खिडकीबाहेर बघू द्या, तिथे मोबाइल बघितला की उलटीही होते.

अमेरिकेतल्या नातवाशी रोज तासभर व्हिडिओ कॉल होतो. तोही यात धरायचा?

नाही. समोर आजी आहे, ती उत्तर देते, गोष्ट सांगते. त्या तासाची मराठी त्याला दुसरीकडे मिळणार नाही.

खरं सांगायचं तर आम्हालाच फोन सुटत नाही. मुलांना काय सांगणार?

मग सुरुवात स्वतःपासून करा, आणि एकट्याने करू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हे गावाच्या पातळीवर केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला-वाचनाला बसतात, मोठी माणसं बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून समजावत होते. सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला, म्हणून ते टिकलं. एखादी सोसायटी, एखादी चाळ, निदान तुमचं घर एवढं करू शकतं. कामाचा फोन घ्यावाच लागला तर मुलांना सांगून घ्या, 'ऑफिसचा आहे, पाच मिनिटं', आणि पाच मिनिटांनी खरोखर ठेवा.

हे व्यसन आहे का, हे कसं ओळखायचं?

सुट्टीत चार तास गेम खेळला म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण तिथे ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. तुम्ही लक्षणांकडे बघा: रात्र रात्र जागणं, आंघोळ-जेवण सोडणं, आवडते मित्र-खेळ नकोसे होणं, चोरून पैसे घेणं, स्वतःला इजा करण्याची भाषा. यातलं काही दिसलं तर बारा महिने थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पुष्कळदा मोबाइलच्या मागे काही दुसरंच निघतं: शाळेतली छळवणूक, घरातली भांडणं, अभ्यास न झेपणं.

शाळा सुरू व्हायच्या आधी काय करावं?

राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात त्यानंतर. आपल्या शाळेची तारीख बघा आणि दहा दिवस आधी झोपेला हात घाला. रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपणं आणि तेवढंच लवकर उठणं. एकदम दोन तासांची उडी जमत नाही. मोबाइलची दुपारची वेळ हळूहळू संध्याकाळच्या छोट्या वेळेवर आणा, कारण शाळा सुरू झाल्यावर ती तिथेच राहणार आहे. वह्यांना कव्हरं घालणं, दप्तर धुणं, रेनकोट लहान झाला का ते अंगात घालून बघणं, ही कामं मुलांकडेच सोपवा.